निकालाआधीची कंदुरी

आमच्या घरात पूर्ण वाक्य बोलायचा हक्क एकट्या आप्पांना होता. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त 'हं'. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. माजी सरपंच, कड्याच्या साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेले. चार माणसांत एकदा शब्द दिला की मोडायचा नाही, या एका गोष्टीवर त्यांची सगळी पत उभी होती. माझे वडील हे त्यांचे धाकटे भाऊ. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांचा जन्म 'हं' म्हणण्यात गेला. रानात काय पेरायचं, बैल कधी विकायचे, ट्रॅक्टर कुठल्या रंगाचा घ्यायचा, आप्पा सांगणार आणि दादा 'हं' म्हणणार. माझं नाव काय ठेवायचं हेसुद्धा आप्पांनीच ठरवलं. आईच्या मनात दुसरं होतं, पण तिला कोण विचारतो?

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी पुरुषमाणसं जेवायला बसली होती. मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "मला वकील व्हायचंय."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी म्हशीला पोहायला शिकवायचंय म्हणाले. मग ते पाणी प्यायले आणि मिशी पुसून त्यांनी निकाल सुनावला.

"ती वकिलीची सीईटी का काय हाय, ती पुढच्या साली दे. एकदाच. संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजात नंबर लागला तर शीक. न्हाई लागला तर दिवाळी झाली की उजवून टाकू. जामखेडचं स्थळ थांबलंय."

दादा म्हणाले, "हं."

जामखेडच्या स्थळात वाईट काही नव्हतं. खतांचं दुकान, पोरगा निर्व्यसनी, केस जरा कमी. पण त्याची आई मला बघायला आली तेव्हा म्हणाली होती, "उंची बरी हाय पोरीची. माळ्यावरचं काढायला हात पुरंल." तेव्हापासून माळा दिसला की मी मान खाली घालून पुढे जायचे.

तर मग मी बीडमधे क्लास लावला. शनिवार-रविवार मावशीकडे राहायचं आणि टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत लॉजिक शिकायचं. खाली हवा भरायचं मशिन सुरू झालं की वर सरांचा आवाज बुडायचा. मग सर खडू आपटून खाली बघत शिव्या घालायचे आणि मशिन बंद झालं की तिथूनच पुढे शिकवायचे. सर धर्मापुरीकडचे. माणूस हुशार होता, पण तोंडानं फटकळ. तुम्ही स्वतः कुठल्या परीक्षा पास झालात, असं एकानं विचारलं होतं, तर त्याला त्या दिवशी वर्गाबाहेर उभं केलं.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'जर पाऊस पडला, तर रस्ता ओला होतो.'

"बरं. आता रस्ता ओला हाय. मग काय?"

"पाऊस पडला!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मी जरा जास्तच मोठ्यानं.

"टँकर गळाला असंल बे!" सर गरजले. "बीड जिल्ह्यात जन्माला आलात अन् ओला रस्ता बघून पाऊस म्हणता? लाज वाटत न्हाई?"

वर्गात हशा पिकला, पण गोष्ट डोक्यात घुसली ती घुसलीच. पाऊस पडला की रस्ता ओला होणार हे खरं. पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला असं म्हणता येत नाही. आणि पाऊस पडला नाही म्हणून रस्ता कोरडाच असणार, हेही म्हणता येत नाही, कारण टँकर आहेच. पुस्तकात या चुकीला भलंथोरलं नाव होतं. आम्ही वर्गात तिला 'टँकर' म्हणायचो. कुणी उलटा निष्कर्ष काढला की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "टँकर आला, टँकर."

त्यानंतर युक्तिवाद. आधार कुठला, निष्कर्ष कुठला, आणि दोघांच्या मधे न बोललेलं गृहीतक कुठलं. अहो, हे गृहीतक सापडायला लागलं आणि माझं डोकंच फिरलं. घरी आले की प्रत्येकाच्या बोलण्यात मी तेच शोधायचे. चुलती म्हणाली, "शेजारणीनं दार लावून घेतलंय, म्हंजे काहीतरी लपवायली." मी म्हणाले, "काकी, यात गृहीतक असं हाय की दार फक्त लपवायसाठीच लावतात. ऊन लागत असंल तिला." काकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आई चुलीपुढे बसून म्हणायची, "भाकरी भाजू दे गं बाई. तुझं गृहीतक करपलं तर मला दोष देऊ नको."

आप्पांचं ते जेवतानाचं वाक्यही मी कागदावर लिहून सरांना नेऊन दाखवलं. म्हटलं, यात कुठंतरी फट असेल. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोनदा वाचलं.

"लागला तर हे, न्हाई लागला तर ते. दोन्ही दारं बंद केलीत. तुझे चुलते सीईटीला बसले ना, तर पहिले येतील."

"मग वाट न्हाई?"

"हाय की. नंबर लाव."

झालं! म्हणजे पहाटे उठा, सोडवा, चुका, परत सोडवा. त्यात घरात आणखी एक विद्यार्थी होता, तो म्हणजे पिराचा बोकड. झालं असं होतं की मी क्लास लावला त्याच आठवड्यात आईनं गावाबाहेरच्या पिराला नवस केला. पोरीचा नंबर लागू दे, कंदुरी करते. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. इच्छा पुरी झाली की पिराच्या दर्ग्यावर बोकड कापायचा, मलिदा ठेवायचा आणि सगळ्या गावाला तिथंच जेवू घालायचं. हिंदू काय, मुसलमान काय, नवस सगळेच बोलतात आणि रस्सा सगळेच ओरपतात. नवस बोलला त्याच दिवशी एक करडू पिराच्या नावानं सोडलं. आता पिराच्या नावाचा म्हटल्यावर त्याला मारायचं नाही, बांधायचं नाही, हाकलायचंही नाही. मेल्याला हे कळलंच असणार. दुसऱ्यांच्या कांद्यात जाऊन बसायचा आणि शिव्या आम्हाला. एकदा तर माझ्या सरावाच्या पुस्तकातली मागची पानं त्यानं खाल्ली. नेमकी उत्तरांची. प्रश्न तसेच ठेवले. त्यानंतर मी सगळं पुस्तक उत्तरं न बघता सोडवलं आणि बोकड माझ्याकडे बघत रवंथ करत बसायचा.

परीक्षा झाली. कशी गेली विचाराल, तर बरी गेली. जर-तरचे प्रश्न मी मुळासकट उपटले. पण गोल टेबलाभोवती आठ माणसं बसलीत, कोण कोणाच्या डावीकडे, असला एक प्रकार आला, तिथं माझी गाडी रुतली. आमच्या घरात गोल टेबलाला कोण बसलंय कधी? आधी पुरुष बसतात, मग पोरं, मग बायका, आणि आप्पांच्या डाव्या हाताला पाण्याचा तांब्या.

मग निकालाची वाट. आज लागणार, उद्या लागणार करत निकाल लांबला. इकडे आखाड संपत आला. एकदा श्रावण लागला की कंदुरीचं नाव काढायची सोय नाही. मग गणपती, मग पितर, मग नवरात्र. आई म्हणाली, "दसरा होऊ दे. तवर निकालही लागंल."

त्यावर दादा बोलले. मला नीट आठवतं, कारण दादा स्वतःहून बोलले की घरातली भांडी वाजायची थांबायची.

"आखाडातच उरकून टाकू."

आईनं हातातली वाटी खाली ठेवली. "आवं, निकाल कुठंय अजून? आधी कशी कंदुरी? असं कुणी करतं का?"

"बोकड माजलाय. लोकाच्या रानात जायलाय. उद्या कुणी पाय मोडला त्याचा तर पिराला काय तोंड दाखवायचं?"

हे मात्र खरंच होतं. बोकडानं शेजाऱ्याच्या म्हाताऱ्याला धडक मारून पाडलं होतं. तरी आई दर्ग्यावर मुजावर चाचांना विचारून आली. चाचा हसले म्हणे. "पीर हिसाब न्हाई ठेवत बाई. पयले दिलं काय अन् नंतर दिलं काय, त्याला सारखंच." आईचं समाधान झालं. माझं अजिबात झालं नाही. नवस आधी फेडला आणि नंबर लागलाच नाही, तर? पण मला कोण विचारतंय. आप्पा त्या आठवड्यात घरी नव्हते, कारखान्याच्या निवडणुकीसाठी सभासदांच्या गाठीभेटी घेत गावोगाव फिरत होते. दादांनी त्यांना फोन लावला. दादा फोन लावतात हेच मी पहिल्यांदा बघत होते. म्हणाले, "आप्पा, शुक्रवारी पिराला कंदुरी हाय. थेट दर्ग्यावरच या." आणि ठेवला.

शुक्रवारी दर्ग्यावर सगळं गाव लोटलं. पुरुषांच्या पंगती मोकळ्यावर, बायकांच्या कडुनिंबाखाली. दादा रश्श्याची बादली घेऊन वाढत होते. आप्पांची गाडी आली, आप्पा उतरले, पांढरेशुभ्र कपडे, आणि लोकांनी त्यांना घेरलं.

"आप्पा, पोरीनं नाव काढलं!"

"लई भारी झालं बघा. गावातली पहिली वकील."

कंदुरी झाली म्हणजे नवस पावला. नवस पावला म्हणजे नंबर लागला. सगळ्या गावानं एकदम टँकर फोडला होता. आणि सगळ्यात आधी त्यात भिजले ते आप्पा. मी लांबून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी जरा गोंधळ आला, मग ते हसले, मग छाती बाहेर आली. निकाल लागला का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. आपल्याच घरची बातमी आपल्यालाच माहीत नाही, हे चार माणसांत दाखवणारे आप्पा नव्हेतच. निवडणूक तोंडावर, पुढ्यात एवढी माणसं बसलेली. असं असल्यावर आप्पांच्या तोंडून भाषण फुटणार नाही तर काय होणार?

"आमच्या घरातली पोरगी हाय!" आप्पा मधोमध उभे राहून म्हणाले. "पिराच्या साक्षीनं सांगतो, हिला वकील करनार. जिल्ह्याच्या कोर्टात उभी करनार. हा माझा शब्द हाय!"

टाळ्या पडल्या. माझे डोळे पांढरे झाले. आता नंबर लागला नाही तर आप्पांची गावभर शोभा, आणि त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार हे सांगायला लॉजिक लागत नव्हतं. दिवाळीपर्यंतही थांबणार नाहीत, पुढच्या आठवड्यात माळा! मी ताटावरून उठले. म्हटलं आत्ताच सांगून टाकावं, निकाल लागलेला नाही म्हणून. तेवढ्यात दादा बादली घेऊन माझ्या पुढ्यात आले. उभेच राहिले. माझ्या ताटातल्या भाकरीवर त्यांनी रस्सा ओतला, भाकरी बुडेपर्यंत.

"जेव," म्हणाले.

मी बसले. माझा इतका संताप झाला की मी भाकरी नुसती कुस्करत बसले. एवढं सगळं घडतंय आणि या माणसाला वाढायचं सुचतंय!

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. आप्पांच्या पोरांनी लावला होता, पोरं म्हणजे त्यांचे कार्यकर्ते. 'वकील झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वर आप्पांचा हात जोडलेला फोटो, एवढा मोठा, आणि खाली कोपऱ्यात माझा, आधार कार्डावरचा. अजून प्रवेशसुद्धा झाला नव्हता आणि मी वकील झालेही होते. संध्याकाळी एक शेतकरी बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन आला. मी म्हटलं, "काका, मी अजून वकील न्हाई." तर म्हणाला, "असू दे की. फ्लेक्सवर तर हायेस." कागद ठेवूनच गेला.

श्रावण लागल्यावर निकाल लागला. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी येते. मी तिथं एकटी उभी राहून बघितलं. सरकारी कॉलेजाला लागतात त्यापेक्षा गुण कमी होते. थोडेच कमी, पण कमी. मी टाकीला टेकून रडले. लाजबीज काही वाटली नाही, चांगली हुंदके देऊन रडले. गोल टेबलाला आणि त्याभोवतीच्या आठही माणसांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग तोंड धुऊन खाली आले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

आप्पांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मग कंदुरी कावून केली?" आप्पांचा आवाज चढला.

आई पदर सावरत म्हणाली, "बोकड माजला होता."

"बोकड माजला म्हणून कंदुरी? अन् मी तिथं सगळ्या गावापुढं..." आप्पा थांबले. उठले, दारापर्यंत गेले. दारातून चौकातला फ्लेक्स दिसतो. स्वतःच्याच जोडलेल्या हातांकडे ते बराच वेळ बघत राहिले. दादा भिंतीला टेकून सुपारी कातरत होते, खाली मान घालून, जणू जगात सुपारीइतकं महत्त्वाचं काही नाही.

आप्पा परत येऊन बसले. आता मी तुम्हाला सांगते, माणूस अडकला की त्याच्या डोक्यात केवढा उजेड पडतो.

"मी काय म्हणलतो दर्ग्यावर? वकील करनार. कोर्टात उभी करनार." ते सावकाश बोलत होते, एकेक शब्द तपासून. "कुठल्या कॉलेजातून, ते म्हणलतो का?"

"न्हाई," मी म्हटलं.

"नंबर लागला, असं तरी मी म्हणलतो का?"

"न्हाई आप्पा."

"मग झालं तर. बीडला खाजगी कॉलेज हाय, तिथं एवढे गुण चालत असतील. तिथं घाला. शब्द म्हंजे शब्द हाय. जामखेडच्यांना कळवा, त्यांनी वाट बघू नये." आणि दादांकडे वळून, "तुझं काय म्हणनं हाय?"

दादांनी सुपारी तोंडात टाकली. "हं."

जी दारं सरांनाही उघडता आली नव्हती, ती आप्पांनी स्वतःच्या हातानं उघडली, आणि वर मलाच सुनावलं, "शिकताना जरा डोकं वापर. नुसतं पाठ करून वकिली होत न्हाई."

प्रवेश घ्यायला दादांनी मला मोटरसायकलवर बसवून बीडला नेलं. वाटेत कपिलधारच्या फाट्यावर चहाला थांबलो. माझा राग अजून गेला नव्हता. सगळं नीट झालं होतं हे खरं, पण झालं ते निव्वळ एका बोकडाच्या माजामुळं, हे मला पचत नव्हतं. इतका अभ्यास केला, इतकं जर-तर घोकलं, आणि शेवटी मला तारलं कुणी, तर सगळ्या गावानं मिळून केलेल्या चुकीनं. शिवाय दादांच्या त्या 'जेव'चा काटा सलत होताच.

"दादा, एक विचारू? निकाल लागायच्या आधी कंदुरी कावून केली? खरं सांगा. बोकडाचं सांगू नका."

दादांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. रस्त्यावरून एक टँकर गळत चालला होता, त्याच्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता नेहमीचं येणार.

"नंबर लागला असता तर कंदुरीची गरजच काय होती?" दादा म्हणाले. "तू तुझ्या पायानं गेली असतीस, कुणी अडवलं असतं? न्हाई लागला तर काय, ते कुणीतरी बघाय नको?"

शुक्रवार त्यांनी निवडला होता. फोन त्यांनी केला होता. थेट दर्ग्यावरच या, घरी नको, हे त्यांनी सांगितलं होतं. आप्पा चार माणसांत कसे बोलतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? जन्मभर गप्प बसून त्यांनी ऐकलं होतं तेवढंच. आणि मी उठले तेव्हा बादली घेऊन आडवे आले ते वाढायला नव्हे. ज्या भावापुढे त्यांनी कधी मान वर केली नाही, त्याला त्यांनी आयुष्यात एकदाच फसवलं, ते माझ्यासाठी. मला तिथं चहाच्या टपरीवर हसू पण यायला लागलं आणि रडू पण, आणि मी ओढणीनं नाक पुसत बसले.

दादा घाबरून इकडे तिकडे बघायला लागले. लोक काय म्हणतील, पोरगी रडते म्हणून. उठले, चहाचे पैसे दिले, गाडीला किक मारली.

"अन् हे बघ," मान न वळवता म्हणाले, "आप्पाला सांगू नको."

मी मागे बसले. त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं.

"हं," म्हटलं.